तीस दिवस संपत आले, बोर्डासमोर काय सांगायचं?

पत्र

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. स्किझोफ्रेनियाचं निदान सहा वर्षांपूर्वी झालं. मार्चपासून त्याने गोळ्या बंद केल्या. बाबा जेवणात विष कालवतात म्हणून घरचं खाणं सोडलं, ११ किलो वजन उतरलं. ऑक्टोबरच्या शेवटी एका रात्री त्याने बाबांच्या खोलीचं दार पारईने फोडलं. पोलिस ठाण्यात गेलो, तर ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ म्हणाले. शेवटी चुलतभावांनी टॉवेलने हात बांधून त्याला गाडीत घातलं आणि ४ नोव्हेंबरला पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात भरती केलं. कागदांवर बाबांची सही आहे. आता डॉक्टर म्हणतात, ३० दिवसांपुढे ठेवायचं तर बोर्डाची, म्हणजे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची, परवानगी लागते. त्यात भावानेच बोर्डाकडे अर्ज केलाय : ‘जमिनीच्या वाटणीसाठी मला इथे डांबलंय, मला सोडा.’ सुनावणी पुढच्या आठवड्यात, बुधवारी आहे. वकील करायचा का? काय बोलायचं? आणि त्याच्या तोंडावर त्याच्याविरुद्ध बोलू तरी कशी?
— एक ताई, सातारा जिल्हा, २५ नोव्हेंबर

उत्तर

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुमची झोप उडवतोय. या सुनावणीत तुम्हाला भावाविरुद्ध काही सिद्ध करायचं नाही. तो आरोपी नाही आणि तुम्ही फिर्यादी नाही. बोर्डाला ठरवायचं असतं ते एवढंच : आजच्या घडीला या माणसाला रुग्णालयात ठेवल्याशिवाय उपचार होऊच शकत नाहीत का, की यापेक्षा मोकळा मार्ग आहे? तुम्ही जे बोलाल ते या प्रश्नाला धरून असलं म्हणजे पुरे. बालपणापासूनच्या तक्रारी, सहा वर्षांचा मनस्ताप, पैसा किती गेला, हे सगळं खरं आहे, पण त्याने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

पोलिस ‘कोर्टाची ऑर्डर’ म्हणाले ते जुन्या सवयीने. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात नातेवाइकांनी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा आणि त्यांनी भरतीचा हुकूम द्यायचा अशी रीत होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मे २०१८पासून लागू झाला आणि ही रीत गेली. खरं तर आजाराच्या भरात स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरणाऱ्या माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला नेणं हे कलम १०० प्रमाणे पोलिस ठाण्याच्या प्रमुखाचंच काम आहे, आणि त्याला लॉकअपमध्ये ठेवायला सक्त मनाई आहे. पुन्हा तशी रात्र आलीच तर ठाण्यात ‘कलम १००’ हे शब्द वापरा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मॅजिस्ट्रेटचं काम आता एवढंच उरलंय : घरात एखाद्या रुग्णाचे हाल होतायत किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष होतंय असं कळलं, किंवा तसा माणूस समोर आणला गेला, तर त्याला तपासणीसाठी सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात पाठवणं किंवा जास्तीत जास्त १० दिवस भरतीची परवानगी देणं. तुमचं प्रकरण त्यात बसत नाही.

तुमच्यापुढे असेल ते मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, म्हणजे ज्याला सगळे नुसतं ‘बोर्ड’ म्हणतात. त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, त्या पदाची पात्रता असलेले न्यायिक अधिकारी किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोन सदस्य असे की जे स्वतः या आजारातून गेलेत, किंवा अशा माणसाची काळजी घेणारे आहेत, किंवा या क्षेत्रातल्या संस्थेचे आहेत. त्या शेवटच्या दोघांकडे बघून बोला. घरात काय घडत असतं ते त्यांना फोड करून सांगावं लागत नाही. अर्जाला फी नाही. सुनावणी रुग्णालयातच होते आणि ती बंद दाराआड होते. गावातलं कोणी येऊन ऐकणार नाही.

आता दिवस मोजू, कारण बहुतेक प्रकरणं इथेच अडखळतात. भावाची भरती कलम ८९ खाली झाली. ती एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत वेगवेगळं तपासून दाखला दिल्यावरच होते, आणि ३० दिवसांपुरतीच असते. ४ नोव्हेंबर पहिला दिवस धरला तर ३ डिसेंबरला ती संपते. पुरुष रुग्णाची भरती सात दिवसांच्या आत बोर्डाला कळवायची असते (स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत), आणि त्याची स्वतःचा निर्णय घेण्याची क्षमता दर सात दिवसांनी तपासून केस पेपरवर लिहायची असते. उद्याच रुग्णालयात जाऊन तीन गोष्टी बघा : दोन्ही दाखल्यांवरच्या तारखा, बोर्डाला कळवल्याची पोच, आणि क्षमतेच्या साप्ताहिक नोंदी. दोन दाखले शब्द न् शब्द सारखे असले तर बोर्डाला शंका येणारच, कारण ‘वेगवेगळं तपासलं’ ही अट कागदावर दिसली पाहिजे. यात खोट निघाली तर तुमचे बाबा कितीही खरे बोलले तरी उपयोग होत नाही.

३० दिवसांपुढे ठेवायचं तर कलम ९० लागतं आणि तिथली अट जास्त कडक आहे. आता दोघेही मानसोपचारतज्ज्ञच हवेत, दोघांनी आधीच्या सात दिवसांत वेगवेगळं तपासलेलं हवं, आणि बाबांचा नव्याने अर्ज हवा. ४ तारखेचा कागद चालत नाही. मुख्य फरक एका शब्दात आहे. कलम ८९ला ‘अलीकडे’ धोका दिसला तरी पुरतो, कलम ९०ला तो ‘सातत्याने’ दिसावा लागतो : स्वतःला इजा करण्याचा, दुसऱ्यावर हात टाकण्याचा किंवा त्याला तशी भीती वाटेल असं वागण्याचा, किंवा स्वतःची काळजी घेता न येऊन जिवावर बेतण्याचा. बोर्डाने परवानगी दिली तर पहिल्यांदा जास्तीत जास्त ९० दिवस, पुढे १२० आणि मग दर वेळी १८० दिवस.

भावाने केलेला अर्ज हे संकट नाही. तो त्याचा हक्क आहे. बोर्डाचा पत्ता आणि फोन नंबर दर्शनी लावणं, अर्जाचा नमुना हातात देणं आणि बोर्डाला फुकट फोन करू देणं हे रुग्णालयावर बंधनकारक आहे. त्या अर्जावर बोर्डाने सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. कागद लिहून दाद मागावी एवढं त्याला सुचतंय, ही खरं तर बरी खूण आहे. त्याच्यावर डाफरू नका, आणि ‘अर्ज मागे घे, मग घरी नेतो’ असा सौदा तर मुळीच करू नका. तो सौदा सुनावणीत बाहेर येतो आणि तिथून पुढे तुमच्या एकाही शब्दाला वजन राहत नाही.

मग बोलायचं काय? एक वही घ्या. विशेषणं बाजूला ठेवा. ‘तो हिंसक आहे’, ‘ऐकतच नाही’, ‘सगळ्यांना त्रास देतो’ ही वाक्यं बोर्डाने शेकडो वेळा ऐकलेली असतात आणि त्यातून काही ठरवता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक घटनेला तारीख, अंदाजे वेळ, काय केलं, कोणी पाहिलं, आणि नंतर काय झालं असं लिहा. ‘२९ ऑक्टोबर, रात्री अकराच्या सुमारास बाबांच्या खोलीच्या दारावर पारईचे घाव घातले, कडी निखळली, बाबा आतून पलंग लावून बसले, शेजारच्या काकांनी पारई काढून घेतली, कोणाला लागलं नाही.’ शेवटचे तीन शब्दही लिहायचे. जे घडलं नाही ते घडलं नाही असं सांगणाऱ्या माणसाच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो. वजनाचं तसंच : मार्चमध्ये किती होतं, भरतीच्या दिवशी किती भरलं, आज किती आहे. भरतीचा आणि आजचा आकडा केस पेपरवर असतो. मार्चचा कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर सापडला तर उत्तम, नाहीतर आठवणीने सांगतेय असं म्हणून सांगा. गोळ्या कधी बंद झाल्या, याआधी कधी बंद झाल्या होत्या, तेव्हा किती आठवड्यांत बिघाड झाला, हे असलं तर सगळ्यात वर. ‘सातत्याने’ हा शब्द या नोंदीनेच भरतो किंवा रिकामा राहतो.

दोन गोष्टी तो स्वतः काढेल, म्हणून त्या आधी तुम्ही काढा. पहिली, टॉवेल. हात बांधून आणलं हे लपवू नका. कोणी बांधलं, किती वेळ, वाटेत कुठे सोडलं, मनगटाला वळ आले का, ते सांगा, आणि पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून काय ठरवलंय तेही सांगा. रुग्णाला आणण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या नोंदणीकृत डॉक्टरकडून, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (म्हणजे रुग्णाच्या वतीने ज्याची सही चालते त्याच्या) संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार देता येतो. त्यात रुग्णाला रुग्णालयापर्यंत नेणंही येतं. हे चुलतभावांना माहीत नव्हतं. आता तुम्हाला माहीत आहे. दुसरी, जमीन. त्याला वाटतंय ते आजाराच्या पोटातून आलेलं असेलही, पण वाटणीचा विषय घरात खरंच चालू असेल तर ‘तसं काही नाही’ म्हणणं खोटं ठरेल. जे आहे ते सांगा. आणि त्याच्याबरोबर बाबांनाही हे पक्कं सांगा : भरती झाल्याने त्याचा सात-बाऱ्यावरचा हक्क कणभर कमी होत नाही. मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस ‘अस्वस्थ मनाचा’ ठरत नाही, तसं फक्त सक्षम न्यायालयच ठरवू शकतं, असं या कायद्याच्या कलम ३ मध्येच लिहिलंय. तो रुग्णालयात असेपर्यंत कुठल्याही जमिनीच्या कागदावर त्याची सही किंवा अंगठा घेऊ नका. तलाठ्याकडे, वकिलाकडे, कुठेच नाही. एकाही काकाचं यावर ऐकू नका.

बाबांच्या सहीबद्दल. ज्याची सही चालते त्याला कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. भावाने पूर्वी साध्या कागदावर सही करून कोणाला नेमलं नसेल तर नातेवाईक म्हणून बाबा तिथे उभे राहतात. पण तो उद्या एखाद्या मित्राचं किंवा मामाचं नाव लिहून देऊ शकतो, आणि त्या माणसाने लेखी होकार दिला की पुढच्या कागदांना त्याची सही लागेल. तसं झालं तर अपमान मानू नका. ज्याच्यावर विष घालण्याचा संशय आहे त्याच माणसाच्या सहीवर आपण आत आहोत, ही गोष्ट त्याला किती टोचत असेल याचा विचार करा. बाबांशी बोलून, त्याचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाला तुम्हीच पुढे केलंत तर पुढची निम्मी भांडणं टळतील. सुनावणीत बोलायला बाबा आणि तुम्ही पुरेसे आहात. तुम्ही आत बसायला भावाची आणि अध्यक्षांची परवानगी लागते, म्हणून त्याला आधीच विचारा. जीपभर माणसं नेऊ नका.

वकील तुम्हाला लागत नाही. कागद रुग्णालय मांडतं. पण भावाला हवा असेल तर तो मोफत मिळणं हा त्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो, आणि मनोरुग्णालयात असलेल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्याचा वकील तुम्हाला अवघड प्रश्न विचारेल. विचारू दे. शांतपणे, वहीत बघून उत्तर द्या. दुसऱ्या बाजूने दिलेले कागद पाहण्याचा हक्क दोघांनाही आहे, तेव्हा सुनावणीच्या आधल्या दिवशी फाइल मागून वाचून घ्या. त्या टेबलावर पहिल्यांदा वाचायची वेळ येऊ देऊ नका.

सुनावणी आहे हे त्याला आजच सांगा. ‘फक्त तपासणी आहे’ असं सांगून खोलीत नेलेला माणूस पुढची कित्येक वर्षं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. सरळ सांगा : ‘तू अर्ज केलास ना, त्यावर बुधवारी लोक येणार आहेत. तुला जे म्हणायचंय ते तू म्हण. आम्हाला जे दिसलं ते आम्ही सांगणार. मला तू बरा होऊन घरी हवायस.’ एवढं पुरे, जास्त समजावत बसू नका. तो बोलताना मधे पडू नका, मान हलवू नका, बाबांना कोपर मारू नका. त्याचं ऐकून घेणं हा सुनावणीचा अर्धा भाग असतो. तो ‘बाबा विष घालतात’ म्हणेल. लगेच खोडून काढायची गरज नाही, बोर्डाला ते त्याच्याच तोंडून ऐकायचं असतं.

डॉक्टरांना एक विचारून ठेवा : सकाळच्या डोसाने त्याला ग्लानी येते का? येत असेल तर सुनावणीची वेळ आणि डोसाची वेळ यांचा मेळ ते घालू शकतात. हे त्यांनीच करायचं, तुम्ही परस्पर गोळी चुकवायची नाही. पेंगणाऱ्या माणसाची क्षमता तपासता येत नाही आणि त्याच्यावर अन्यायही होतो. क्षमता म्हणजे काय ते साधं आहे : उपचाराबद्दल सांगितलेलं त्याला कळतं का, घेतले किंवा न घेतले तर काय होईल ते उमगतं का, आणि आपला निर्णय बोलून, खुणेने, कसाही सांगता येतो का. डॉक्टरांच्या मते त्याचा निर्णय चुकीचा आहे, एवढ्यावरून क्षमता नाही असं ठरत नाही.

आता आमचं मत, पत्रात दिसतं तेवढ्यावरून. तो जेवायला लागला असेल, झोपत असेल, तीन आठवड्यांत कोणावर धावून गेला नसेल, तर ‘सातत्याने’ची अट पूर्ण होईलच असं धरून चालू नका. संशय अजून गेलेला नाही हे खरं, पण नुसता संशय उरला म्हणून ९० दिवस आत ठेवता येत नाही. म्हणून तुमची खरी तयारी भरती वाढवण्यापेक्षा घरच्या योजनेची हवी. भरती वाढवताना बोर्डाने हे पाहायचंच असतं की हेच उपचार बाहेर राहून होतील का, आणि डॉक्टरांकडून तशी योजना मागवण्याचा त्यांना अधिकार आहे. बहुतेक घरं इथे रिकाम्या हातांनी येतात. ‘घरी नेल्यावर काय करणार?’ असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

तुम्ही एका पानावर लिहून न्या. पहिले दोन महिने तो कुठे राहील? बाबांच्या शेजारच्या खोलीत नको. तुमच्याकडे किंवा मामाकडे सोय होते का बघा. स्वयंपाक कोण करेल, आणि त्याला स्वतःचं ताट स्वतः वाढून घेता येईल का, निदान भाकरी-भाजी एकाच भांड्यातून सगळ्यांनी त्याच्यासमोर घ्यायची असं ठरवता येईल का? रोजच्या गोळ्या हाच कच्चा दुवा आहे, तर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने द्यायचं डेपो इंजेक्शन त्याला चालेल का, हे डॉक्टरांना आणि त्यालाही विचारा. ते कुठे टोचून मिळेल, सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत की गावाजवळ, आणि तारीख कोण लक्षात ठेवेल ते नावानिशी लिहा. पारई, कुऱ्हाड, कीटकनाशकाचे डबे घराबाहेर कुलपात. बिघाडाच्या पहिल्या तीन खुणा कोणत्या (त्याच्या बाबतीत बहुधा घरचं जेवण नाकारणं हीच पहिली), आणि त्या दिसल्या की त्याच आठवड्यात कोणाला फोन करायचा. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

एक वाट बऱ्याचदा कोणी सांगत नाही. ३० दिवस संपताना त्याची क्षमता परत आली असेल आणि त्याला स्वतःलाच अजून दोन आठवडे राहावंसं वाटलं, तर तो स्वतःच्या सहीने स्वतंत्र रुग्ण म्हणून राहू शकतो. दार मग त्याच्या हातात असतं, आणि ज्या माणसाला डांबल्याचं वाटतंय त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. डॉक्टरांनी ही गोष्ट त्याच्यापुढे मांडावी, तुम्ही मांडली तर ती युक्ती वाटेल.

आणखी एक, त्याचं डोकं ताळ्यावर असताना करायचं काम. पुढे कधी बिघडलो तर कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, आणि माझ्या वतीने कोणी सही करावी, हे त्याला आधीच लिहून ठेवता येतं. कायद्यात त्याला आगाऊ निर्देश म्हणतात. पुढची भरती झालीच तर डॉक्टरांना आणि बोर्डाला तो कागद विचारात घ्यावा लागतो.

निर्णय सुनावणी संपल्यापासून पाच दिवसांत लेखी मिळायला हवा. पटला नाही तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, तुम्हालाही आणि त्यालाही. सोडण्याचा आदेश झाला तर त्याच संध्याकाळी रिकाम्या हातांनी गाडीत बसू नका. डिस्चार्जआधी डॉक्टरांनी त्याच्याशी, बाबांशी आणि पुढे बघणार असलेल्या डॉक्टरांशी बोलून पुढची योजना आखायची असते. डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्या मात्रेसह, पुढच्या इंजेक्शनची तारीख आणि निदान पंधरा दिवसांची औषधं हातात घेऊनच निघा.

आणि बुधवारी जाताना त्याचे स्वतःचे कपडे न्या. रुग्णालयाचा गणवेश घालण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. इस्त्री केलेला एक शर्ट, दाढीचं सामान सिस्टरांच्या ताब्यात, आणि चष्मा वापरत असेल तर तो आठवणीने. गडबडीत आणलेल्या माणसाचा चष्मा हमखास घरीच राहिलेला असतो, आणि मग समोर ठेवलेला कागद त्याला वाचता येत नाही.